प्रपंचातील पावित्र्य

बंगळूरच्या चामराजपेट भागात दिवस फार लवकर उजाडतो. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांच्या कारकीर्दीत, १८९२ साली, जुन्या पेठेच्या दाटीबाहेर सरळ उभ्या-आडव्या रस्त्यांची आखणी करून ही वस्ती वसविण्यात आली. कृष्णराजेंद्र मार्केट येथून अगदी जवळ. पहाटेच्या अंधारात तेथे मोगरा, शेवंती आणि अबोली यांच्या राशी पडतात. आणि उन्हे वर येण्यापूर्वी ती फुले देव्हाऱ्यांत, दर्ग्यांत, स्त्रियांच्या वेण्यांत आणि कोठे कोठे मरियामातेच्या तसबिरीपुढेही जाऊन पोचलेली असतात.

अशा वस्तीत राहणारे एक कॅथलिक कुटुंब कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. घर मूळचे बेळगावकडचे, त्यामुळे घरात मराठी, दारात कन्नड, आणि रविवारची मिस्सा कधी या भाषेत तर कधी त्या. कर्ता पुरुष सरकारी कचेरीत कारकून. मुलगी दहावीला. वृद्ध आई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली, आणि तिची शुश्रूषा सर्वस्वी सुनेच्या अंगावर. एका रविवारी धर्मगुरू प्रवचनात सांगतात, की पवित्र होणे हे मठातील संन्याशांचेच नव्हे, तर स्नानसंस्कार झालेल्या प्रत्येक माणसाचे कर्तव्य आहे. ऐकताना ते पटते. पण सोमवारी पहाटे चार वाजता सासूबाईंचे अंथरूण बदलताना त्या सुनेच्या मनात येते : आठ दिवसांत एकदाही जपमाळ पुरी झाली नाही, मग आपल्याला कसले आले आहे पावित्र्य? तिचा हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. त्याचे उत्तर चुकले, तर एक कष्टाळू, श्रद्धाळू बाई उरलेले आयुष्य आपण देवाच्या कृपेला पारख्या झालो या समजुतीत घालवील.

मराठी मनाला हा विषय अपरिचित नाही. सावता माळी मळ्यात, गोरा कुंभार चिखलात, सेना न्हावी आपल्या धोकटीशी, जनाबाई जात्याशी : आपापले काम न सोडता ही माणसे संतपदाला पोचली, आणि समाजाने त्यांना संत म्हटले ते कोणा अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याने नव्हे. कॅथलिक परंपरेत मात्र 'संत' या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेच बराचसा घोटाळा होतो. एक अर्थ अधिकृत नामावलीचा. एखाद्याच्या मृत्यूनंतर त्याच्या जीवनाची, लेखनाची, सद्गुणांची चौकशी होते; 'ईश्वरसेवक', 'आदरणीय', 'धन्य' अशा पायऱ्या चढत प्रकरण पोपपर्यंत जाते; आणि हुतात्मा नसलेल्या व्यक्तीच्या बाबतीत चमत्कारांचाही पुरावा मागितला जातो. ही चौकशी इतकी काटेकोर असते, की फायलींत जन्म घालविलेल्या माणसानेही तिच्यापुढे हात टेकावेत. दुसरा अर्थ अधिक जुना आणि अधिक व्यापक आहे. ईश्वराच्या कृपेत जगणारा आणि त्या कृपेत मरण पावणारा प्रत्येक माणूस पवित्र होय, मग त्याचे नाव कोणत्याही यादीत असो वा नसो. १ नोव्हेंबरला कॅथलिक चर्च सर्व संतांचा सण पाळते, तो मुख्यत्वे या निनावी मंडळींचा सण आहे.

नामावलीत मठवासी आणि हुतात्मे यांची संख्या मोठी असल्याने पावित्र्य म्हणजे काहीतरी असाधारण, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा भारतात जन्मलेल्यांपैकी संतपदाला पोचलेला पहिला. १५९७ च्या ५ फेब्रुवारीस जपानात नागासाकी येथे त्याला क्रुसावर मरण आले आणि १८६२ साली त्याला संत म्हणून घोषित करण्यात आले. वसईकरांना त्याच्या क्रुसाची कथा तोंडपाठ आहे. पण त्याआधीची वर्षे त्याने व्यापारात घालविली होती आणि पुढे फ्रान्सिस्कन संघात तो जपानमध्ये दुभाषाचे काम करीत होता, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. दुभाषाचे काम म्हणजे दुसऱ्याचे शब्द पदरचे काही न घालता पोचविणे. अनेक वर्षे ते काम इमानाने करणाऱ्याची परीक्षा काही शेवटच्या एकाच दिवशी झाली नसेल.

या समजुतीला ज्याने प्रथम ठामपणे हात घातला, तो फ्रान्सिस डी सेल्स हा जिनीव्हाचा बिशप. जिनीव्हा प्रॉटेस्टंटांच्या ताब्यात गेल्यामुळे तो आनसी या गावी राहून कारभार पाही. त्याच्या नात्यातील एका विवाहित स्त्रीला त्याने आध्यात्मिक मार्गदर्शनाची पत्रे लिहिली आणि त्यांतून १६०९ साली भक्तिमय जीवनाची ओळख करून देणारा त्याचा ग्रंथ तयार झाला. त्याचे म्हणणे असे, की सैनिकाच्या छावणीतून, कारागिराच्या दुकानातून, राजदरबारातून आणि विवाहितांच्या घरांतून भक्तीला हद्दपार करणे ही नुसती चूक नव्हे, तर धर्मविरोधी मत आहे. तितकेच रोखठोक त्याने उलट बाजूनेही लिहिले आहे. बिशपाने एकांतवासी साधूसारखे राहू म्हटले, संसारी माणसाने भिक्षेकरी संन्याशाप्रमाणे गाठीला काही ठेवायचे नाही असे ठरविले, किंवा कारागीर दिवसभर देवळातच बसू लागला, तर ती भक्ती हास्यास्पद ठरेल. ज्याचा जो आश्रम, त्याला साजेशी त्याची भक्ती, हे त्याच्या शिकवणुकीचे मर्म आहे. साडेतीनशे वर्षांनी, २१ नोव्हेंबर १९६४ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने चर्चविषयक आपल्या घोषणापत्रात पावित्र्याची हाक सर्वांसाठी आहे या विषयाला एक संपूर्ण प्रकरण दिले. आणि २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी आपल्या उपदेशपत्रात शेजारच्या घरात राहणाऱ्या संतांचा उल्लेख केला. म्हणजे त्या धर्मगुरूंचे प्रवचन अगदी अधिकृत होते. अडचण आहे ती पुढची : हे करावयाचे कसे?

येथे एक खुलासा आवश्यक आहे. कॅथलिक शिकवणुकीनुसार पावित्र्य ही माणसाने स्वतःच्या बळावर मिळविलेली पदवी नव्हे. ते मुळात देणे आहे. स्नानसंस्काराने ते लाभते, पापाने मलिन होते, प्रायश्चित्त संस्काराने उजळते आणि ख्रिस्तप्रसादाने पोसले जाते. माणसाकडे काम उरते ते दार उघडे ठेवण्याचे. पुढे जे दैनंदिन उपाय सांगावयाचे, ते सारे या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालण्यासारखे आहेत. दारातून आत येणारा वेगळा असतो.

दिवसाचा पहिला उपाय अत्यंत लहान आहे. जाग येताच क्रुसाची खूण करावी आणि येणारा सारा दिवस, त्यातील काम, कंटाळा, आनंद व दुखणे यांसह, ईश्वराला अर्पण करावा. या प्रभातसमर्पणाच्या प्रथेला एक मनोरंजक इतिहास आहे. फ्रान्समधील वाल्स या गावी जेझुइट विद्यार्थ्यांचे अध्ययनगृह होते. दूरदेशी मिशनकार्याला जाण्यासाठी तेथील तरुण इतके उतावीळ झाले, की पुढ्यातील अभ्यास त्यांना नीरस वाटू लागला. ३ डिसेंबर १८४४ रोजी, संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाच्या दिवशी, गोत्रले नावाच्या त्यांच्या मार्गदर्शकाने त्यांना समजावले, की तुम्ही आजच मिशनरी व्हा. प्रार्थना, अभ्यास आणि बारीकसारीक गैरसोयी अर्पण करा, त्या कामी येतील. यातून जी चळवळ निघाली, ती जगभर पसरली. दूरच्या मोठ्या कार्याचे स्वप्न पाहताना हातातले काम बिघडविणारे तरुण काही वाल्सलाच होते असे नाही, त्यामुळे तिचा प्रसार समजण्याजोगा आहे.

समर्पणानंतर शक्य असेल त्याने दहा-पंधरा मिनिटे शुभवर्तमानातील एखादा उतारा वाचून त्यावर चिंतन करावे, असा सल्ला दिला जातो. डी सेल्सने या ठिकाणी फार सुंदर उपमा योजली आहे. बागेत फिरून आलेला मनुष्य निघताना चार फुले खुडून घेतो आणि दिवसभर त्यांचा वास घेतो. तसे चिंतनातून एक-दोन विचार निवडून घेऊन कामाला निघावे. चामराजपेटेतील माणसाला ही उपमा समजावून सांगण्याची गरज नाही. मार्केटातील सारी रास कोणी घरी आणीत नाही. केसांत माळायला एक गजरा पुरतो, आणि सकाळी घेतलेल्या गजऱ्याचा वास संध्याकाळपर्यंत टिकतो.

मग कारकून घराबाहेर पडतो. मार्केटच्या स्थानकावर मेट्रो पकडायची, मॅजेस्टिकला गाडी बदलायची, विधानसौधाजवळ उतरायचे. या गर्दीत ध्यान लागणे अशक्य. परंतु एका श्वासात मावेल इतकी प्रार्थना अशक्य नाही. चौथ्या-पाचव्या शतकांतील संत आगस्टीनने इजिप्तमधील साधूंच्या अशा अतिशय लहान, बाणासारख्या झटकन सुटणाऱ्या प्रार्थनांचा उल्लेख केला आहे. लांब प्रार्थनेत मन भरकटते, लहान प्रार्थनेला भरकटायला अवधीच मिळत नाही, हा त्यातील व्यवहार. गाडीचे दार बंद होते तेव्हा एक, कचेरीच्या पायऱ्या चढताना एक, टपाल उघडण्यापूर्वी एक, अशा ठरलेल्या जागी त्या बांधून टाकल्या म्हणजे स्मरण राहते. जागा ठरविली नाही, तर संध्याकाळपर्यंत एकही होत नाही.

कचेरीत शिरल्यावर मात्र खरी कसोटी लागते, आणि तेथे प्रार्थनेची संख्या उपयोगाची नाही. येशूने ज्यांना आपल्यामागे बोलाविले, त्यांत मत्तय हा जकातीच्या नाक्यावर बसणारा होता. यरीहोचा जक्कय हा तर जकातदारांचा मुख्य. उंची कमी म्हणून तो झाडावर चढला, येशूने त्याला खाली बोलाविले आणि त्याच्या घरी पाहुणचार घेतला. त्यानंतर जक्कयने जे केले, ते लक्षात घेण्यासारखे आहे. त्याने स्तोत्रे म्हटल्याचा उल्लेख नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याला फसविले त्याला चौपट परत करण्याचे त्याने जाहीर केले. कॅथलिक नीतिशास्त्रात हा मुद्दा कायम झालेला आहे. अन्यायाने घेतलेली वस्तू वा रक्कम परत करणे, ज्याचे नुकसान केले त्याचे ते भरून देणे, हे पश्चात्तापाचे अंग होय. पापनिवेदन केल्याने पाप क्षमा होते, पण दुसऱ्याची रक्कम आपली होत नाही. खोटे प्रवासभत्त्याचे बिल, घरी नेलेला कागदाचा गठ्ठा, कचेरीच्या वेळात केलेला खासगी धंदा : हे सारे या कक्षेत येते. आणि केवळ पैसाच नव्हे, तर अब्रूही. सहकाऱ्याविषयी चहाच्या वेळी पसरविलेली अफवा मागे घेणे हे पैसे परत करण्याहून अवघड असते, तरी ते टाळता येत नाही.

त्याहूनही सूक्ष्म अशी एक गोष्ट आहे, आणि जमाखर्चाच्या कोणत्याही वहीत ती सापडत नाही. एखादी विधवा निवृत्तिवेतनाच्या कागदासाठी चौथ्यांदा आलेली असते. कागद गठ्ठ्यात तळाशी आहे. तो आज वर काढला तर कोणी शाबासकी देणार नाही. आणखी आठ दिवस तळाशी राहिला तर कोणी जाबही विचारणार नाही. लाच मागितलेली नाही, नियम मोडलेला नाही, असत्य भाषण झालेले नाही. ख्रिस्ती पावित्र्याची जागा नेमकी येथे आहे. कर्तव्य म्हणून जे मोजता येते त्याच्या पलीकडे प्रीतीने जे करावयाचे, ते या कागदाला हात घालण्यात आहे. दुपारच्या घंटेला देवदूताची वंदना म्हणण्याचा प्रघात फार चांगला; परंतु ती म्हणून झाल्यावर कागद पुन्हा तळाशी सरकविला, तर त्या वंदनेचे काय झाले, हे ज्याचे त्याने पाहावे.

दिवस संपताना करावयाचे आत्मपरीक्षण हे या साऱ्या उपायांतील सर्वांत शिस्तबद्ध आणि, थोडे धाडसाने म्हणावयाचे तर, सर्वांत उपयुक्त साधन होय. त्याची पद्धत घालून दिली ती इग्नेशियस लोयोलाने. हा मूळचा शिपाईगडी. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडल्यावर अंथरुणात पडल्या पडल्या त्याचे जीवन पालटले. त्याच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली. त्यात सर्वसाधारण परीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत. प्रथम दिवसात लाभलेल्या गोष्टींबद्दल आभार; मग स्वतःकडे खरेपणाने पाहण्यासाठी कृपेची याचना; मग सकाळपासूनचा तासातासाचा आढावा, विचार, बोलणे आणि कृती या क्रमाने; मग क्षमेची प्रार्थना; आणि शेवटी उद्यासाठी निश्चय. आरंभ आभाराने आहे, आरोपाने नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जो मनुष्य हिशोबाला बसताच उधारीपासून सुरुवात करतो, तो पुष्कळदा वही मिटूनच टाकतो.

याशिवाय इग्नेशियसने एक विशेष परीक्षण सांगितले आहे, ते तर एखाद्या दक्ष हिशोबनिसाला शोभण्यासारखे आहे. सर्व दोष एकदम हाती घ्यावयाचे नाहीत. एकच निवडावयाचा; समजा, रागाने तुटक बोलणे. सकाळी उठताच त्या एकाच दोषाविषयी सावध राहण्याचा निश्चय करावयाचा. दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर आढावा घ्यावयाचा. वहीत प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा. पहिल्या रेघेवर सकाळपासून दुपारपर्यंतच्या चुकांचे ठिपके, दुसरीवर तेथून रात्रीपर्यंतचे. मग पहिली रेघ दुसरीशी ताडून पाहावयाची, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी. त्याच्या पुस्तकातील आकृतीत आठवडा पुढे सरकतो तशा रेघा आखूड होत जातात. ठिपके कमी व्हावेत हीच त्यामागील आशा असावी. आणखी एक बारकावा त्याने जोडला आहे : चूक घडताच त्याच क्षणी हात छातीशी न्यावा. चारचौघांत बसलेले असतानाही हे करता येते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. कचेरीत कारकून शिपायावर ओरडतो आणि त्याचा हात सदऱ्याच्या खिशाकडे जातो. पाहणाऱ्याला वाटते, लेखणी शोधतो आहे.

या वहीत धोकाही आहे. ठिपके कमी झाले की अहंकार शिरतो आणि वाढले की निराशा. स्वतः इग्नेशियसला तारुण्यात मान्रेसा येथे शंकाकुल विवेकाच्या यातना भोगाव्या लागल्या होत्या. कबूल केलेले पाप नीट कबूल झाले की नाही, या विचाराने त्याला ग्रासले होते. म्हणूनच डी सेल्सचा सल्ला जोडीला असावा. स्वतःच्या दोषांविषयी सौम्य असावे, असे तो सांगतो. पडलेल्या हृदयाला रागाने फटकारण्यापेक्षा हळुवारपणे उचलावे. कारण स्वतःवरचा तो संताप पुष्कळदा स्वाभिमान दुखावल्याचा असतो, पापाच्या दुःखाचा नव्हे. पापनिवेदनाला महिन्याकाठी गेले म्हणजे ही वही आपोआप योग्य माणसापुढे उघडी पडते आणि मनातल्या मनात चालणारा खटला संपतो. वर्षातून एकदा गंभीर पापांचे निवेदन हा नियम आहे. महिन्याची सवय हा शहाणपणा.

आता त्या घरातील सुनेकडे वळावे, कारण मूळ प्रश्न तिचा होता.

तिच्या मनातील पहिली गाठ केवळ माहितीने सुटण्यासारखी आहे. जपमाळ ही अत्यंत प्रिय आणि फलदायी भक्ती असली, तरी तिची सक्ती नाही. पाच दशके एका बैठकीत झाली नाहीत, तर एक दशक पोळ्या लाटताना आणि एक दवाखान्याच्या रांगेत म्हणता येते. मुळीच झाली नाही तरी ते पाप नव्हे. रविवारची मिस्सा हे बंधन आहे. परंतु आजारी माणसाला सोडून जाता येत नसेल, तर तेवढ्या कारणासाठी चर्च स्वतःच त्या बंधनातून मोकळीक देते. अशा घरी ख्रिस्तप्रसाद आणून देण्याची व्यवस्थाही चर्चकडून होते. ती मागायला मात्र संकोच वाटतो, आणि तो संकोच सोडणे हीच अनेकांच्या बाबतीत पहिली पायरी ठरते.

दुसरी गाठ अधिक खोल आहे. प्रार्थना ही खरी साधना आणि शुश्रूषा हा तिच्यातील व्यत्यय, असे तिने मनाशी धरले आहे. कॅथलिक परंपरेत दयेची सात शारीरिक कृत्ये सांगितली आहेत, आणि आजाऱ्याची विचारपूस हे त्यांतील एक. मत्तयच्या शुभवर्तमानात अंतिम न्यायाचे जे वर्णन येते, त्यात राजा आपण भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिवान होतो असे सांगतो आणि त्या वेळी कोणी काय केले, एवढेच विचारतो. ज्यांनी सेवा केली, त्यांना आपण त्याची सेवा केली हे ठाऊकही नसते; ते आश्चर्यचकित होतात. म्हणजे पहाटे चारला बदललेले अंथरूण ही प्रार्थनेच्या वाटेतील अडचण नसून, ज्याच्याकडे प्रार्थना जावयाची तोच त्या अंथरुणात आहे. अर्थात 'काम हीच पूजा' म्हणून प्रार्थनेला कायमचा फाटा देणारे पुष्कळ भेटतात, आणि काही वर्षांनी ते आपल्या कामाचीच पूजा करताना आढळतात. परंतु ही बाई त्यांतील नव्हे. तिला टाळायचे नाही. तिला वेळ नाही.

लिझ्यूच्या तेरेझाची एक आठवण तिच्यासाठीच लिहिली असावी असे वाटते. तेरेझाने १८८८ साली, पंधराव्या वर्षी, कार्मेल मठात प्रवेश केला आणि १८९७ साली, चोविसाव्या वर्षी, क्षयाने ती वारली. बाहेरून पाहता तिच्या जीवनात काहीच घडले नाही. तरी १९२५ साली तिला संतपद मिळाले आणि १९९७ साली चर्चच्या आचार्यांत तिची गणना झाली. मठात एक वृद्ध, अपंग आणि चिडखोर भगिनी होती. संध्याकाळच्या प्रार्थनेतून तिला भोजनगृहात पोचविण्याचे काम तेरेझाने मागून घेतले. पावणेसहानंतर थोड्याच वेळाने म्हातारी आपले वाळूचे घड्याळ हलवून इशारा करी. मग स्टूल एका विशिष्ट पद्धतीने उचलावयाचे, मागून कमरपट्ट्याला आधार द्यावयाचा. जरा भरभर चालले तर ढकलतेस म्हणून तक्रार, सावकाश चालले तर हात सोडलास म्हणून तक्रार. एवढे सारे नियम पाळून झाल्यावर तेरेझाच्या ध्यानात आले, की वाकड्या झालेल्या बोटांनी म्हातारीला पाव कापता येत नाही. तिने तो कापून द्यायला सुरुवात केली, आणि जाण्यापूर्वी एकदा हसून पाहण्याला. ते हसणे नेमणुकीत नव्हते. म्हातारीचे मन जिंकले गेले ते त्यानेच. याच सुमारास थंडीच्या एका रात्री दुरून संगीताचे सूर ऐकू आले, आणि दिव्यांनी उजळलेले दिवाणखाने, नटलेल्या तरुणी असे चित्र तेरेझाच्या मनात उभे राहिले. समोर होती कण्हणारी म्हातारी आणि मठाच्या उघड्या विटांच्या भिंती. त्या क्षणी आपण अदलाबदल केली नसती, असे तिने नमूद केले आहे.

मठात हे जमले, घरात कसे जमणार, असे कोणी म्हणेल. तेरेझाचे आईवडील हे त्याचे उत्तर आहेत. लुई मार्टिन घड्याळजी, झेली मार्टिन लेस विणण्याचा व्यवसाय चालविणारी. नऊ अपत्ये, त्यांतील चार लहानपणीच दगावलेली. रविवारी दुकान बंद ठेवल्यामुळे गिऱ्हाईक हातचे जाते, असे लोक लुईला सांगत. त्याने दुकान उघडले नाही. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी या दांपत्याला एकत्र संतपद देण्यात आले, आणि पतिपत्नींना असे एकत्र संतपद मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. इतक्या शतकांच्या नामावलीत ही पहिली जोडी असावी, हे चर्चलाही विचार करायला लावणारे आहे.

या घराच्या बाबतीत एक गोष्ट पुष्कळदा राहून जाते, ती म्हणजे नवऱ्याची. कारकून संध्याकाळी परततो, आत्मपरीक्षणाची वही उघडतो, रेघांवर ठिपके काढतो, आणि आतल्या खोलीत बायको एकटी त्याच्याच आईला कुशीवर वळवीत असते. वहीत रागाचे ठिपके आहेत, आळसाची रेघच नाही. विशेष परीक्षणासाठी दोष कोणता निवडावा, हे ठरविताना माणूस बहुधा आपल्याला परवडणारा दोष निवडतो. तो निवडण्यापूर्वी घरातल्यांना विचारावे. डी सेल्सच्या पुस्तकात हा सल्ला नसेल, पण त्याला तो मान्य झाला असता. आठवड्यातील दोन रात्री जागरण त्याने आपल्याकडे घेतले, तर तिला शनिवारी सकाळच्या मिस्सेला जाता येईल. उपवासकाळातील चाळीस दिवसांत मांसाहार सोडण्यापेक्षा ही झोप सोडणे त्याच्या आईला, बायकोला आणि त्याला स्वतःलाही अधिक उपकारक होईल.

पोप फ्रान्सिस यांनी आपल्या २०१८ च्या पत्रात बाजाराला निघालेल्या एका बाईचे उदाहरण घेतले होते. वाटेत शेजारीण भेटते, बोलण्याच्या ओघात कोणाची तरी निंदा सुरू होते, आणि ही मनाशी ठरविते की आपण तसे बोलणार नाही. घरी मूल काहीतरी सांगायला येते. थकवा असूनही ही ऐकत बसते. मन चिंतेने भरून येते. जपमाळ हातात घेते. बाहेर पडते, एक गरीब मनुष्य दिसतो. थांबून दोन शब्द बोलते. चामराजपेटेच्या रस्त्यांवर भाजीची पिशवी घेऊन निघालेल्या या बाईला ओळखणे कठीण नाही. ती कोणत्या चर्चला, देवळाला वा मशिदीला जाते, हे तिच्या पिशवीवरून कळत नाही.

रात्री अकराच्या सुमारास सासूबाईंचा डोळा लागतो. मुलीच्या खोलीतला दिवा अजून जळत असतो. सून जपमाळ हातात घेऊन भिंतीला टेकून बसते आणि तिसऱ्या दशकाच्या आसपास केव्हातरी तिलाही झोप लागते. तेरेझालाही प्रार्थनेच्या वेळी झोप येई. याबद्दल आपण हताश व्हायला हवे असते, पण आपण होत नाही, असे तिने लिहिले आहे. मुले जागी असोत वा झोपलेली, आईबापांना ती सारखीच आवडतात, हे तिचे कारण. माळ बोटांतून हळूच मांडीवर घसरते. कारकून आपली वही मिटून उठतो, ती माळ उचलून खिळ्याला अडकवतो, आणि आज प्रथमच आईच्या खाटेशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसतो. पहाटे चारला हाक येणार, तोवर मार्केटात फुलांच्या गाड्या लागू लागलेल्या असतील.